हुश्शबाई

आमच्या बाईंचा श्वास खाली रस्त्यावर ऐकू यायचा. रोह्यात एका औषधाच्या दुकानावर त्यांची खोली. जिना चढणाऱ्याला आधी वरून ‘हुश्श’ ऐकू येई, मग बाई दिसत. मनाला बसलेला धक्का अंगातून कसा उतरवायचा, हे त्या पुण्याला जाऊन शिकल्या होत्या. बोलणं मात्र खांब गावचं, माहेरचंच राहिलं. मी त्यांचं नाव हुश्शबाई ठेवलं. त्यांना कळलं तेव्हा हसून म्हणाल्या, "बरं हाय की गो. मोठं नाव घेऊन काय करायचंय?"

मी पेणची. आमचा गणपतींचा कारखाना आणि डोळ्यांची आखणी माझ्याकडे. नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नजर अधू झाली तेव्हा त्यांनी आपला कुंचला माझ्या हातात दिला होता. आमचा गणपती कुठूनही बघा, तुमच्याकडेच बघतो, असं गिऱ्हाइकं म्हणत. गडब गावाजवळ आमची मिनीडोर रिक्षा उलटली, तेव्हा मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. आतल्या बायकांना मीच बाहेर ओढलं, घरी येऊन भाकऱ्याही थापल्या. पण पुढे आखणीला बसले आणि हात लटलटायला लागला. भाकरी थापताना नाही, रंग कालवताना नाही. फक्त डोळा काढताना. डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे, आणि त्यांनी बाईंचा पत्ता दिला. नाना आखणीसाठी बाहेरचा माणूस बघायला लागले. ते मला अपघातापेक्षा जास्त लागलं.

पहिल्या भेटीत बाईंनी अपघाताचं काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "आता तुझे पाय कुठं हायत गो?" हात बिघडलाय आणि ही बाई पायांची चौकशी करतेय, म्हणून मी मनातल्या मनात चरफडले. जमिनीवर आहेत, म्हटलं. "नाय. टाचा बघ." खरंच, खुर्चीत बसूनही माझ्या टाचा वर होत्या, उठून पळायच्या तयारीत. त्या दिवशी आम्ही नुसत्या टाचा टेकवल्या, हुश्श केलं आणि मी पेणची गाडी पकडली.

हात थरथरला की मी तो दुसऱ्या हाताने दाबून धरायची. बाई म्हणत, "दाबू नको गो त्याला. त्या दिवशी त्याला थरथरायचं व्हतं, तवा तू कामाला लावलास. आता थरथरू दे." एकदा दिला थरथरू. ते खांद्यात गेलं, गुडघ्यांत गेलं आणि अपघातानंतर मी पहिल्यांदा हमसून हमसून रडले. बाई अंगाला हात न लावता शेजारी बसून राहिल्या. नंतर त्यांनी कोकम सरबत दिलं. आंबटढाण! साखरेच्या बाबतीत बाई भारी चिकट.

मग एकदा त्या आमच्या कारखान्यात आल्या. "काढ डोळा," म्हणाल्या. मी छाती भरून श्वास घेतला, रोखला, कुंचला टेकवला. हात लटलटला.

"श्वास का धरलास?"

"आखणी अशीच करतात, बाई. नानांनी शिकवलंय. श्वास हलला की रेघ हलते."

"आणि मिनीडोर उलटताना?"

मला आठवलं. तेव्हाही असाच धरला होता.

"मंग तुझा हात दर वेळी गडबलाच जातोय. श्वास सोडत सोडत काढ."

"असं कधी कुणी केलंय काय?" नाना कोपऱ्यातून गुरगुरले. मी टाचा टेकल्या आणि श्वास सोडता सोडता पापणीची रेघ ओढली. जराशी हलली, पण डोळा उघडला. नानांनी मूर्ती अगदी नाकाजवळ नेऊन पाहिली आणि बाहेरच्या माणसाला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

यंदा बाई लेकीकडे नागपूरला कायमच्या निघाल्या. निरोप घ्यायला आल्या तेव्हा मी त्यांच्यासाठीच केलेल्या वीतभर गणपतीचे डोळे काढत होते. त्या समोर स्टुलावर बसल्या. दुसरा डोळा पुरा झाला तरी त्यांचं ‘हुश्श’ ऐकू आलं नाही. मी वर पाहिलं. बाई ताठ बसल्या होत्या, ओठ मिटलेले, टाचा वर.

"बाई," मी म्हटलं, "पाय कुठं हायत?"

त्यांनी खाली पाहिलं. टाचा टेकवल्या. मग रस्त्यावर ऐकू जाईल असं हुश्श केलं आणि रडायला लागल्या. मी शेजारी बसून राहिले. त्यांचं रडून झाल्यावर कोकम सरबत करून दिलं, साखर भरपूर घालून.