काळ्या अस्तरावरची पृथ्वी

आज अण्णांची ट्रंक उघडली तसा मशीनच्या तेलाचा वास आला, आणि तळाशी ते तीन वार काळं अस्तर सापडलं. टोकाला कोटाचं पिवळं बटण अजून शिवलेलं होतं.

सातवीत सूर्यमाला करून न्यायची होती. इतर मुलींनी थर्माकोलचे रंगीत गोळे आणले. अण्णा, माझे वडील, म्हैसुरातले शिंपी. मापात चूक त्यांना खपायची नाही. पुस्तकातले आकडे त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. इंचभर बटण सूर्य धरलं, तर पृथ्वी नऊ फुटांवर जाते आणि सुईनं टोचल्याएवढी होते. त्यांनी टेप लावून नेमकी तिथं सुई टोचली.

"पृथ्वीपुढचे ग्रह पार रस्त्यावर जातात बघ," म्हणाले. इतकं खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं.

वर्गात अस्तराचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. बाईंनी विचारलं, "यात पृथ्वी कुठं आहे?" सगळ्या हसल्या. मी पटकन म्हणाले, "यांनी केलंय. यांना काही कळत नाही."

अण्णांनी सुरकुती न पाडता अस्तराची घडी घातली.

आता मीच शाळेत विज्ञान शिकवते. पुस्तकातली चित्रं मापात नसतात, हे दरवर्षी सांगते.

आज अस्तर त्यांच्या मांडीवर ठेवलं. "अण्णा, तुमचं माप बरोबर होतं."

घरात आम्ही मराठीच बोलतो. कन्नड ते फक्त गिऱ्हाइकांशी बोलायचे. त्यांनी कापड चाचपलं, माझ्याकडं अदबीनं पाहिलं आणि विचारलं, "यावाग बेकु, अम्मा?"

कधी पाहिजे, बाई?