सालीबाई आणि मेहुण्याचं हिरवं पाणी

जन्मभर तिने प्रयोगशाळेत लोकांचं पाणी तपासलं, आणि विष निघालं ते स्वतःच्याच विहिरीत! तेही सख्ख्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने कालवलेलं.

या मेहुण्याचा नळांना आणि कड्यांना निकेलचा मुलामा चढवायचा कारखाना तिच्या परसाला लागून होता. माल धुतलेलं हिरवट पाणी मागच्या चरात सोडायचं, ही त्याची रीत. परसातली वांगी करपली, धुणं धुतलं की हाताला खाज सुटू लागली, तेव्हा तिने विहिरीच्या पाण्यात निकेल ओळखायचे थेंब टाकले. पाणी गुलाबी झालं.

ती तडक कारखान्यात गेली.

"ताई, नोकरी संपली, आता तरी बाटल्या खाली ठेवा," मेहुणा हसत म्हणाला. "सगळ्या गावाचं पाणी जमिनीत मुरतं. माझंच कशावरून?"

चोराच्या उलट्या बोंबा! तसा तो पहिल्यापासून तिला पाण्यात पाहायचा; त्या दिवसापासून तीही पाहू लागली.

तिने प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली, पण कोणी फिरकलं नाही. मग विहिरीचं पाणी गाळायला रसवाल्याकडून संत्र्याच्या सालींची पोती आणली. पहिल्या खेपेला साली तशाच पिंपात भरल्या. पाणी पिवळं झालं, दुर्गंधी सुटली, माश्या घोंगावू लागल्या. कामगार कुंपणावरून ओरडले, "मालकाची साली साली सडवते!" तिचं नावच सालीबाई पडलं. तिने शिव्या दिल्या आणि नव्या साली चुन्याच्या निवळीत भिजवल्या, खळखळून धुतल्या, वाळवून भरडल्या. त्यांतून सावकाश झिरपलेल्या पाण्यात थेंब टाकले, तर गुलाबी छटा जेमतेम दिसली. परस सावरलं. राग मात्र निवळला नाही.

अखेर तपासणीला साहेब आला. मेहुण्याने त्याला थेट तिच्या परसात आणलं. "हे आमचं शुद्धीकरण, साहेब. घरचंच माणूस बघतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणाचं घरचं माणूस? या पिंपात माझ्या विहिरीचं पाणी जातं. यांचा एक थेंबही इथून जात नाही," ती म्हणाली आणि चरातलं पाणी पेल्यात घेऊन आली. थेंब पडताच पेला लालभडक झाला. मग तिने वापरलेल्या सालींची झाकणबंद बादली मेहुण्याच्या पायाशी आदळली. "साली विष गिळत नाहीत, नुसतं धरून ठेवतात. हे तुमचं आहे, घेऊन जा!"

मेहुण्याच्या तोंडचं पाणी पळालं. शुद्धीकरणाची टाकी बसेपर्यंत कारखान्याला कुलूप लागलं.

संध्याकाळी बहीण आली. उंबरा न ओलांडताच म्हणाली, "माझ्या संसारात विष कालवलंस तू."

"तुझ्या नवऱ्याने माझ्या विहिरीत कालवलं, तेव्हा कुठे होतीस?"

"तू मेलीस मला!"

टाकी बसली, कारखाना सुरू झाला. विहीर मात्र एवढ्यात निवळणारी नव्हती, म्हणून पिंपही चालूच राहिलं. बहिणीने कुंपणाला उंच पत्रा ठोकून घेतला. भाचीचं लग्न झालेलं तिला रसवाल्याकडून कळलं. पोरीच्या नावाने दोन चांगले शब्द बोलावेत म्हणून तिने तोंड उघडलं, पण आधी बाहेर पडली ती मेहुण्याच्या नावाची शिवी.