साखळीच्या कड्यावर

धाकट्या बहिणीने मला न विचारता डोंगर चढून उतरायच्या शर्यतीत माझं नाव घातलं होतं. ते मला ऑस्ट्रियात तिच्या स्वयंपाकघरात, चहा पिताना कळलं. ती तिथे नर्स आहे. मी दारव्ह्याजवळच्या एका शाळेत मुलांचे खेळ घेते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडे गेले होते. आमच्या तांड्यामागची टेकडी मी रोज पळत चढते, एवढ्याच भरवशावर तिने हा उद्योग केला होता. पण खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरावर जून लागला तरी बर्फ होतं.

"काहून भिऊन राह्यली, बाई? तुले जमते," ती म्हणाली.

मी भ्याले नव्हते, हरखले होते. इतकी, की शर्यतीच्या दिवशी बुटाची नाडीही नीट बांधता येईना.

सुरुवातीचा चढ जंगलातून होता. पोटऱ्या भरून आल्या, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. झाडं संपली आणि बर्फाचा पट्टा आला. आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवला तो घोट्यापर्यंत आत गेला. मूठभर उचलून मानेवर चोळलं आणि एकटीच हसत सुटले.

पुढे उभा कडा होता. त्यात ठोकलेली लोखंडी साखळी धरून वर जायचं, खाली सरळ दरी. माझ्या पुढचे पांढऱ्या केसांचे आजोबा अर्ध्यावर थांबले. दोन्ही हातांनी साखळी घट्ट धरलेली, नजर खालच्या दरीत. मागे रांग लागली. लोक त्यांच्या भाषेत धीर देत होते, मी इंग्रजीत काहीबाही बोलून पाहिलं, ते हलेनात. मग मी त्यांच्या बुटाजवळच्या खाचेवर हाताने थापटलं आणि तोंडातून घरचंच निघालं.

"बाबाजी, खाली नका पाहू. इथं ठेवा पाय."

शब्द त्यांना काय कळणार? पण पाय त्या खाचेत आला. मी पुढची खाच थापटली, दुसरा पाय आला. असे आम्ही माथ्यावर पोचलो. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ काहीतरी बोलत राहिले. मी नुसती मान हलवत होते.

तिथल्या स्वयंसेवकाने घड्याळ दाखवलं. खालच्या मेंढपाळाच्या झोपडीपाशी वाट लवकरच बंद होणार होती. उशिरा येणाऱ्यांना गाडीत बसवून नेणार होते. आजोबांनी मला हाताने खुणावलं, जा.

उतार सगळा सुट्या दगडांचा. इतर जण काठ्या टेकत, जपून उतरत होते. मी मुरमाच्या टेकडीवर वाढलेली. अंग थोडं पुढे झुकवलं, छोटी छोटी पावलं टाकली आणि स्वतःला सोडून दिलं. दगड माझ्याबरोबर खळखळत निघाले. एकदा पडले, गुडघा सोलला, उठून पुन्हा पळाले. इतका आनंद मला कोणत्याच मैदानावर झाला नव्हता. झोपडीपाशी एकाने वाट अडवायची पट्टी हातात घेतलीच होती. मला बघायला तिथवर आलेली बहीण शेजारी उड्या मारत होती. पट्टी ताणायच्या आत मी निसटले.

शेवटच्या रेषेवर पोचले तेव्हा पहिले आलेले लोक आंघोळी करून जेवायला बसले होते. आणि तिथे टाळ्या वाजवत उभे होते तेच आजोबा. त्यांना झोपडीपाशी थांबवलं होतं. गाडीने ते आणि बहीण माझ्या आधी खाली आले होते. त्यांनी बहिणीला काहीतरी सांगितलं.

"ते विचारून राह्यले, पुढच्या साली बी त्यायच्या मागं राहशीन का?"

"त्यायले सांग," मी म्हटलं, "पुढच्या साली दोघंबी पळतच खाली येऊ."

तिने सांगितलं. ते इतके हसले की त्यांना खोकला आला, आणि मी बूट काढून तिथेच गवतावर आडवी झाले.