सात नंबर, भीमा

डहाणूच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवणाऱ्या बायकांची आळी आहे. तिथे जाऊन शांती तामोरेचं घर विचारलं, तर समोरून उलट प्रश्न येतो, "कोण, वायफायवाली शांती काय?" आणि मग निळ्या दाराकडे बोट दाखवलं जातं. ही ओळख तिला २०१६ साली चिकटली. त्याआधी ती भीमाची बायको होती, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक बायका जे असतात तेच.

त्या आळीत मोबाईलची रेंज म्हणजे नखरेल पाहुणी. वाळूत उभं राहिलं तर यायची, घरात बोलावलं की कधी यायची, कधी पाठ फिरवायची. सुक्या मासळीची गिऱ्हाइकं आता फोनवर फोटो मागायला लागली होती, तेव्हा बचत गटाच्या बायकांनी मिळून एक जोडणी घ्यायचं ठरवलं. शांती बारावी शिकलेली, शिवाय तिचं घर आळीच्या मधोमध. पेटी तिच्याच भिंतीवर बसली. बसवायला तलासरीहून दिपक नावाचा माणूस मोटारसायकलवर आला. त्याला समजावून सांगायची फार हौस होती.

"बाहेरच्या जगाला तुमची आख्खी आळी म्हणजे एकच पत्ता," तो म्हणाला. "कोण शांती न कोण रखमी, बाहेर कुणाला कळत नाय. पण आत ही पेटी प्रत्येक फोनला वेगळा नंबर देते. त्याला आयपी म्हणायचं."

"म्हणजे आम्ही काय बघतो ते शांतीला दिसेल?" रखमीने लगेच विचारलं. रखमी शेजारीण, आणि तिची शंका नेहमी पहिली.

"काय बघता ते नाय दिसत. कोण कोण आहे, तेवढं दिसतं."

ते ऐकून बायका निर्धास्त झाल्या. खरं तर भ्यायला हवं होतं, पण ते कुणाला तेव्हा सुचणार?

पासवर्ड एकाला सांगितला की साऱ्या किनाऱ्याला कळणार, हे दिपकला न सांगताच कळलं होतं. म्हणून त्याने घरोघरच्या प्रत्येक फोनला एकेक नंबर कायमचा बांधून दिला. एक नंबर पेटीचा स्वतःचा. दोन शांतीचा. असे करत सोळापर्यंत. सोळा संपले की दार बंद, सतराव्याला प्रवेश नाही. भीमाच्या फोनला सात नंबर आला. भीमा हसून म्हणाला होता, "चला, सरकारात नाय तर पेटीत तरी आपलं नाव लागलं."

सुरुवातीला शांती रोज दिवेलागणीला आपल्या फोनवर पेटीची यादी उघडून मोठ्याने वाचायची. कोण चालू, कोण बंद. बायका ओट्यावर बसून ऐकायच्या, हजेरी घेतल्यासारखी मजा वाटायची. एकदा तिने वाचलं, "नऊ नंबर, प्रविण, चालू." प्रविण हा आळीतल्या धाकलीचा नवरा, आणि तो गवंडीकामाला सायवनला गेलाय असं धाकली सकाळपासून सांगत होती. सायवन कुठे, ही आळी कुठे! धाकली उठली, पदर खोचला आणि चार घरं पालथी घालून नवऱ्याला एका परसातून पत्त्यांच्या डावावरून उठवून आणलं. आठ दिवस त्या घरात भांडी आदळत होती. प्रविण शांतीशी वर्षभर बोलला नाही, आणि त्याचं काही चुकलं असं शांतीलाही वाटलं नाही. माणूस कुठे आहे ही ज्याची त्याची गोष्ट. तिने यादी मोठ्याने वाचणं बंद केलं.

फक्त एका बाईसाठी ते चालू राहिलं. सासू बायजी. सत्तरीची, अक्षरशत्रू, कानाने तिखट. संध्याकाळी चुलीजवळ बसून ती विचारायची, "कोण कोण हाय गो?" मग शांती हळू आवाजात वाचायची. कुणाला सांगायचं नाही ही अट बायजीने पाळली. सातवर आली की शांती म्हणायची, "सात, भीमा," आणि म्हातारी मान डोलवायची. मुलगा तिथेच समोर जाळं सांधत बसलेला असायचा, तरी डोलवायची.

२०१७च्या दिवाळीआधी भीमा सकाळी एकटा छोटी होडी घेऊन गेला. जाळं पाहून दुपारच्या जेवणाला परत, एवढंच जाणं. शांती बोंबलांच्या मांडवावर होती. बाराला तिने फोन लावला. रिंग वाजली, उचलला नाही. हात जाळ्यात असतील, असं ती मनाशी म्हणाली. एकला परत लावला, पुन्हा नुसती रिंग. नंतर फोन बंद लागायला लागला.

संध्याकाळी आळी जमली. चौकीवर तक्रार गेली, फोनचा माग काढला गेला. शेवटची खूण डहाणूच्याच टॉवरवर, दुपारी एकपर्यंत. म्हणजे माणूस किनाऱ्याजवळच असणार, असं सगळ्यांनी धरलं. शांतीनेही तेच सांगितलं, रिंग मीच ऐकली म्हणाली. दोन दिवस होड्या जवळचं पाणी चाळत राहिल्या, डहाणूच्या वीजकेंद्राची चिमणी दिसत राहील एवढ्याच अंतरात. तिसऱ्या दिवशी होडीची फळी आणि इंजिनाचं झाकण मिळालं ते पार उत्तरेला, तलासरीकडच्या झाईच्या किनाऱ्यावर. भीमा मिळालाच नाही.

देह मिळाला नाही, म्हणून बायजीने सुनेचं कुंकू पुसू दिलं नाही. कागदावरही भीमा मेला नव्हता. सात वर्षं थांबा, असं कचेरीत सांगितलं. शांती थांबली. लोक म्हणत, बाईने काळजाचा दगड केला. पण दगड करायलाही काहीतरी करावं लागतं, तिने काहीच केलं नव्हतं. सकाळी उठायचं, बोंबील जोडीजोडीने दोरीवर टाकायचे, उलटायचे, काढायचे, बाजारात न्यायचे. कुणी रडायला आलं की ती चहा टाकायची. जेवणाला चव लागत नव्हती, आणि लागत नाही याचंही तिला काही वाटत नव्हतं. संध्याकाळी यादी वाचताना ती सहावरून आठवर जायची. बायजीने एकदाही टोकलं नाही.

पडद्यावर मात्र सात नंबर होता. भीमाचं नाव, आणि पुढे करडा ठिपका. बंद.

२०१९च्या जानेवारीत रखमीच्या घरी सून आली, क्रांती. पालघरला शिकलेली, गोड बोलणारी. तिला नंबर हवा होता आणि सोळाही भरलेले. बोंबील निवडता निवडता तिने विचारलं, "वहिनी, सात नंबर बंदच असतो ना? तो मिळेल मला?" तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. रखमीने तिला कोपराने ढोसलं, पण तोवर बोलून झालं होतं.

"विचारते," शांती म्हणाली. आणि खरंच तिथेच दिपकला फोन लावला. हात मासळीचे, म्हणून स्पीकरवर.

"पुसून टाका की," दिपक म्हणाला. "दोन मिनिटांचं काम. जो कधी लागतच नाय, तो ठेवून काय करायचं? लागत असता तर गोष्ट वेगळी."

बायजी बाजूलाच बसून बोंबलांची डोकी मोडत होती. तिने मान वर केली नाही. शांती म्हणाली, "परवा करते."

दुसऱ्या दिवशी बाजारातून यायला तिला जरा उशीर झाला. हातपाय धुऊन तिने यादी उघडली, नेहमीसारखी. सहा, रखमी, चालू. सात, भीमा.

ठिपका हिरवा होता.

तिने पडदा पुसला. पदराने पुन्हा पुसला. हिरवाच. पेटीचा आवाका जेमतेम पाचसहा घरांचा. म्हणजे तो फोन हाकेच्या अंतरावर होता. शांती उठून दारात गेली. आळीत नेहमीचीच माणसं. कुणाचं पोर रडत होतं, धाकली दोऱ्या गुंडाळत होती. भीमा कुठेतरी उभा असेल, दाढी वाढलेला, असं तिला वाटायला हवं होतं, ते तिने वाटून घ्यायचा प्रयत्नही केला. जमलं नाही. परत येऊन पाहिलं तर ठिपका करडा.

"कोण कोण हाय गो?" बायजीने विचारलं.

शांतीने वाचायला सुरुवात केली. सहा झाला. ती थांबली. बायजीचा हात चुलीतल्या लाकडावर तसाच राहिला. "आठ, नयन," शांती म्हणाली. म्हातारीने लाकूड आत सरकवलं, जरा जोरातच.

कुणाला सांगावं? रखमीला सांगितलं तर चूल विझायच्या आत चौकीपर्यंत जाणार. आणि प्रविणचं प्रकरण तिला आठवलं. यादीत नाव दिसलं म्हणजे माणूस तिथे, असं तिनेच आळीला शिकवलं होतं. तिने कुणालाच सांगितलं नाही. पेटी कोणता फोन कधी जोडला गेला ते लिहून ठेवते, ते तिने पहिल्यांदाच उघडून पाहिलं. सात नंबर तीनच्या सुमारास लागला होता, ती घरी आल्यावरही थोडा वेळ होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. रोज तीनला ती बाजारात असते, हे आख्ख्या आळीला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी तिने टोपली वाटेतच धाकलीच्या हवाली केली आणि मागे फिरली. दार नुसतं लोटलेलं होतं.

बायजी पेटीखाली उभी होती. दोन्ही हातांत भीमाचा फोन, पेटीसमोर वर धरलेला, देवाला नारळ दाखवावा तसा. शेजारी शांतीचाच चार्जर लोंबत होता. जमिनीवर तांदळाचा डबा उघडा, आणि आतलं फडकं बाहेर.

बायजीनेच बोलायला सुरुवात केली, फोन खाली न आणता.

"पुसशील म्हणून लावला. तो दिपक बोलला ना, लागत असता तर ठेवला असता."

"हा कुठे होता, आई?"

"घरातच. त्या दिवशी इथेच विसरला तो, खिडकीत. मला दिसला. तो दाराबाहेर गेला होता, वाळूत उतरला होता. होडीवर जाणाऱ्याला मागून हाक मारतात काय गो? माझ्या आईने नाय मारली, मी नाय मारली कधी. मी म्हटलं, जाऊ दे, दुपारी येईल. मग तो वाजायला लागला. तूच लावत होतीस. मी घाबरले. फडक्यात गुंडाळून तांदळात घातला. मग वाजायचा थांबला."

शांती खाली बसली. बाराला वाजलेली रिंग याच घरात वाजली होती, आणि एकची तांदळाच्या डब्यात. टॉवरवरची खूण भीमाची नव्हती, डब्याची होती. दोन दिवस सगळ्या होड्या या डब्याभोवती फिरल्या, आणि भीमा तिकडे झाईच्या बाजूला वाहत गेला, हातात फोन नाही, कुणी येत नाही. हे सगळं तिला एका दमात कळलं. तिला राग आला. सव्वा वर्षात पहिल्यांदा काही आलं होतं, आणि ते एवढं होतं की दाताखाली कडकड वाजलं.

बायजी बघत होती. एक हाक मारली असती तर, एवढंच तिला माहीत होतं, आणि तेवढ्यावर ती सव्वा वर्ष झोपली नव्हती. टॉवरचं तिला काही माहीत नव्हतं. फोन जिथे असतो तिथे माणूस शोधतात, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगायला आता शांतीच होती.

"मागून हाक मारत नाहीत," शांती म्हणाली. "बरोबर केलंत."

मग ती रडली. म्हातारीच्या पायाशी बसून, तोंडात पदर कोंबून, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. बायजीने फोन हळूच खिडकीत ठेवला, त्याच जागी, आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

दोन दिवसांनी, बायजी घरात नसताना, शांतीने क्रांतीला बोलावलं. दिपकने शिकवलं होतं तसं सात नंबरवर गेली, भीमाचं नाव पुसलं आणि क्रांतीचा फोन बांधून दिला. दोन मिनिटंही लागली नाहीत. टॉवरचं तिने कुणालाच सांगितलं नाही. रखमीला नाही, चौकीलाही नाही.

खिडकीतला फोन अजून रोज तीनला चालू होतो. बायजी तो पेटीसमोर धरते, थोडा वेळ उभी राहते, मग बंद करून ठेवते. पेटी आता त्याला ओळखत नाही, हे म्हातारीला कळायची सोय नाही.

संध्याकाळी चुलीजवळून आवाज येतो, "कोण कोण हाय गो?"

शांती वाचते. पाच, सहा. पडद्यावर पुढच्या ओळीत क्रांतीचं नाव असतं.

"सात, भीमा," ती म्हणते. "चालू आहे."