पंचवीस माणसांची खीर

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, पंचवीस माणसांपेक्षा कमी जणांची खीर करता येत नसे. घरात आम्ही माणसं पाच. पण साताऱ्याकडे आमच्या गावच्या देवाची जत्रा आली, की कोपरखैरण्याच्या आमच्या बैठ्या चाळीतल्या घरात खपली गव्हाची खीर व्हायची, ती पंचवीस जणांचीच. आई दरवर्षी कपाळाला हात लावायची. "अहो मामंजी, पाव किलो गहू पुरे की आपल्याला!" त्यावर आबा म्हणायचे, "पाव किलूची खीर आसती व्हय कुठं? त्ये औशीद झालं."

आबा माथाडी कामगार. तरुणपणी ते मुंबईत गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे. एक खोली आणि एकाच गावचे पंचवीस जण, पाळीपाळीनं झोपणारे. पुढे ते जिथे ओझी उचलायचे ते घाऊक मार्केट वाशीला आलं तेव्हा आबाही खाडीच्या अलीकडे आले आणि मग आजीला, बाबांना घेऊन त्यांनी घर मांडलं. खोलीत असताना जत्रेला सगळ्यांना सुट्टी मिळायची नाही, म्हणून देवाची खीर तिथेच शिजायची आणि ती आबा करायचे. तोच अंदाज त्यांच्या हातात कायमचा बसला.

गव्हाला पाण्याचा हबका मारायचा, उखळात कांडायचा, पाखडून कोंडा काढायचा. मी शेजारी बसून उडालेले दाणे वेचायची. एखादा राहिला की आबा ओरडायचे, "त्यो बग, पळाला!" दुसऱ्या दिवशी भिजलेला गहू मऊ शिजला, की गूळ, ओलं खोबरं, खसखस, सुंठ, जायफळ. तो वास आला की मला काही म्हणजे काही सुचायचं नाही. आणि नेमकं तेव्हाच माझ्या हातात डबे यायचे. हा त्या घरी, तो ह्या घरी. अख्ख्या चाळीत खीर वाटून मी दमून घरी येईपर्यंत मला एक वाटी उरलेली असायची. भारी राग यायचा मला. खीर आमची आणि मजा लोकांची!

दोन वर्षांपूर्वी आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं चार-पाच शब्दांवर आलं. आता आम्ही नेरूळला सोसायटीत राहतो. पहिल्या वर्षी जत्रेचा दिवस आला आणि गेला, कुणी खिरीचं नावही काढलं नाही. मला ते फार लागलं. आजी केव्हाच गेलेली, आईला ती खीर येत नाही, बाबांना तर चहासुद्धा धड येत नाही. मी शिकले नाही तर आमच्या घरातली खीर संपली. आणि बरोबर जमली की नाही हे सांगणारा माणूस एकच, तो खाटेवर. मग मी ठरवलं. यंदा जत्रेच्या आत आबांना माझ्या हातची खीर खायला घालायचीच.

"तू?" आई हसली. "ऑफिसातून आल्यावर तुला वरण गरम करायचा कंटाळा."

पहिली खीर मी तयार दलियाची, कुकरमध्ये केली. पहिली वाटी आबांपुढे नेली. त्यांनी डाव्या हातानं ती सरकवली. बरोबर आहे म्हटलं, मी असली खीर त्यांच्यापुढे न्यायलाच नको होती. दुसऱ्या वेळी खपली गहू आणला, पण मिक्सरला लावला. त्याचा झाला भरडा आणि खिरीची लापशी. पुन्हा पहिली वाटी आबांपुढे, पुन्हा वाटी परत. एरवी हा माणूस पुढे ठेवाल ते खायचा, अगदी दुधीसुद्धा! फक्त माझी खीर नको.

तिसऱ्या वेळी मी इरेला पेटले. उखळ घर बदलताना गेलं होतं, म्हणून खाली गोधडी अंथरून लोखंडी खलबत्त्यात कांडायला बसले. दहा मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या काकू दारात. त्या मूळच्या दिवाळे गावच्या कोळीण, आवाज खणखणीत. "अगो, काय चाल्लंय? माजा पंखा हालतो खाली!" मी हात जोडले, कारण सांगितलं. त्या "बरं, पन दुपारी नको, झोपतो आमी," म्हणून गेल्या. तळहाताला फोड आले, पण गहू कांडला. खीर सुंदर झाली, मी स्वतः चाखून बघितली होती. वाटी घेऊन गेले. आबांनी ती सरकवली.

मग मात्र माझा तोल सुटला. "अहो आबा, एक घास तरी! काय चुकलं एवढं तरी सांगा!" त्यांनी डावा हात दाराकडे केला. पुन्हा केला. माझी खीर घराबाहेर न्या म्हणतात! मी वाटी तिथेच आपटली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. सरळ भोकाड पसरलं.

बाबा मागून आले. "वेडाबाई, ते घेऊन जा म्हणत नाहीयेत. वाटून ये म्हणतायत."

लहानपणी सुट्टीत बाबा एकदा त्या खोलीवर राहिले होते. तेव्हा त्यांनी पाहिलेलं. ज्याच्या हातात पळी, त्यानं शेवटी जेवायचं, असा खोलीचा नियम. कुणाला कमी पडू नये म्हणून. एक जण कामावरून यायचा राहिला होता, तर आबा संध्याकाळपर्यंत उपाशी थांबलेले. "पहिली वाटी त्यांनी जन्मात कधी खाल्ली नाही," बाबा म्हणाले. "आणि तू दर वेळी पहिलीच वाटी घेऊन उभी!"

मला स्वतःचाच असा राग आला म्हणून सांगू! एक हात गेलेला तो माणूस अजून स्वतःला आचारी समजत होता आणि मी त्याला पाहुणा करून टाकलं होतं.

जत्रेला आठ दिवस होते. मी दीड किलो गहू आणला आणि रोज सकाळी थोडा थोडा असा चार दिवस कांडला. एवढं मोठं भांडं घरात नव्हतं, म्हणून काकूंकडे गेले. त्यांनी भला थोरला टोप काढून दिला. "यात मच्छीचं कालवन करतो आमी. पन घासलाय हां चांगला!" आईनं तरी तो तीनदा हुंगला आणि चिंच लावून पुन्हा घासला.

जत्रेच्या दिवशी मी रजा टाकली. टोपासमोर तीन तास उभी राहून खीर ढवळली. आबांची खुर्ची दाराशी आणून ठेवली, त्यांना सगळं दिसावं म्हणून. मग मजल्यामजल्यावर डबे दिले. काकूंना, वॉचमनला, जिना झाडणाऱ्या मावशींना. आई-बाबांनीही खाल्ली. तळाशी दोन वाट्या उरल्या. मी टोप तसाच उचलून आबांपुढे तिरका धरला.

"सगळ्यांना दिली, आबा. कुणी राहिलं नाही."

त्यांनी टोपात पाहिलं, मग माझ्याकडे. मी एक वाटी त्यांना भरून दिली, वर दूध घातलं. एक माझ्यासाठी भरली. पोटात कावळे ओरडत होते, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी चमचा तोंडाशी नेला आणि आबांनी डाव्या हातानं माझं मनगट पकडलं.

"मी आदी," ते म्हणाले. दम घेतला. "तू... मागनं."

आणि त्यांनी खायला सुरुवात केली. डाव्या हातानं, हळूहळू, चमच्यातलं निम्मं सांडत. वाटी संपायला चांगला अर्धा तास लागला. मी माझी वाटी मांडीवर घेऊन समोर बसून राहिले.