हमीदभाईंची बिनकागदाची पुस्तकं

नव्या पुस्तकाची फाईल पाठवून आठ दिवस झाले होते, आणि हमीदभाईंना मी एवढी सवलत कधी दिली नव्हती. फोन वाजला तेव्हा त्यांना झापायच्या तयारीनेच मी तो उचलला. पलीकडे त्यांची लेक शबाना होती. "बाई, अब्बा सकाळी गेले," म्हणाली. लातूरहून नांदेडला मय्यतीच्या वेळेत पोचणं झालं नाही, याची रुखरुख दीड महिन्यानंतरही आहे.

हमीदभाई बाइंडर. नांदेडच्या आमच्या शाळेची पुस्तकं तेच बांधायचे. मी मराठी शिकवायचे आणि ग्रंथालय सांभाळायचे. पुढे दुकानात कॉम्प्युटर आला आणि लग्नपत्रिका जुळवता जुळवता त्यांचा त्यावरही हात बसला. मी निवृत्त होऊन लातूरला भावाकडे आले, आणि चार वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याने दगा दिला. समोरचं मधलंच दिसेना. भाचीने टॅब आणून दिला, मी हौसेने ई-पुस्तकं विकत घेतली. पण ती म्हणजे छापील पानांचे फोटोच. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर पळायची, मग तिला बोटाने ओढून आणायचं. जिने जन्मभर पोरांना 'वाचा, वाचा' म्हणून धारेवर धरलं, तिलाच वाचता येईना. त्या दिवसांत मी फार रडले, हे आता सांगायला हरकत नाही.

एकदा फोनवर हे सगळं हमीदभाईंना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "विकत घेतलंय न्हाई का तुम्ही? मग वाचता आलंच पाहिजे की. पाठवा इकडं." त्यांनी फाईलमधला मजकूर वेगळा काढला, पानन् पान मुळाशी ताडून पाहिलं आणि असं पुस्तक करून पाठवलं की अक्षर हवं तेवढं वाढवा, ओळ आपसूक खाली वळते. ते उघडलं आणि मला हसू फुटलं. प्रत्येक पानाच्या डावीकडे दोन बोटं कोरी जागा! विचारलं तर म्हणाले, शिवणीला जागा नको का? टॅबला कोण शिलाई घालणार, म्हणून मी त्यांना महिनाभर पिडलं.

त्यांचा नियम मात्र कडक. आधी खरेदीची पावती दाखवायची. कुलूप घातलेली फाईल असली तर हात लावायचे नाहीत, प्रकाशकाला लिहून उघडी प्रत मागायला लावायचे. देगलूरच्या माझ्या बहिणीला माझं एक पुस्तक हवं होतं, तर तिला साफ नाही म्हणाले. "ते बाईंच्या डोळ्यांसाठी केलंय. तुम्ही विकत घ्या, तुम्हालाबी करून देतो." बहीण फुगली, आणि तिची बाजू घेऊन मीही पंधरा दिवस अबोला धरला. मग मला नवं पुस्तक हवं झालं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, मला उलट तेव्हाच आली. फोन केला, तर त्यांनी तो विषय काढलासुद्धा नाही.

एकच भुणभुण असायची, बाई, हे शिकून घ्या. मी टाळायचे. तुम्ही असताना मी कशाला, म्हणायचे. जन्मभर शिकवलेल्या माणसाला शिकायचा कंटाळा फार.

गेल्या पंधरवड्यात शबानाने त्यांच्या कॉम्प्युटरवरची त्या नव्या पुस्तकाची फाईल पाठवली. पाच प्रकरणं सुरेख झालेली, पुढची जशीच्या तशी. मरणाने काम अर्ध्यावर तोडलं असं वाटून मला भरून आलं. मग पाचव्या प्रकरणाखाली ठळक अक्षरात एक ओळ दिसली: 'बाई, इथवर मी केलंय. पुढलं तुम्ही करा. अडलं तर फोन लावा.' शबाना म्हणाली, दुकानात नवा माणूस आला की अब्बा असंच करायचे, अर्धं पुस्तक स्वतः शिवून सुई त्याच्या हातात द्यायचे.

मला नऊ दिवस लागले. दोनदा अडले, दोन्ही वेळा शबानाला फोन लावला. काल सहावं प्रकरण वाचलं. ओळी कुठे कुठे तुटल्या आहेत, दोन परिच्छेद एकमेकांत शिरले आहेत, पण वाचता येतं. हमीदभाईंची ती ओळ खरं तर पुसायला हवी होती, ती पुस्तकातली नाही. मी ठेवली आहे. पाचवं संपलं की ती येते, आणि मग माझं सुरू होतं.