गडग्यापलीकडचे भावोजी

मिरजोळ्याच्या कारखान्यातून सुटले की शेजारचे भावोजी आमच्या दोन अंगणांमधल्या गडग्याला सायकल टेकवून उभे राहायचे. "मी काय म्हणतो वहिनी," अशी सुरुवात व्हायची आणि बोलणं संपेपर्यंत त्यांनी स्वतःचंच म्हणणं खोडून काढलेलं असायचं.

त्या उन्हाळ्यात त्यांना पुण्याच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं.

"पगार बराच आहे. पण पहिलं वर्ष टेम्परवारी. इथली कायमची नोकरी सोडायची, ट्रकचं भाडं, जागेचं डिपॉझिट भरायचं, आणि वर्षाने त्यांनी घरी बसवलं तर?" दुसऱ्या दिवशी म्हणत, "पण मुलांची कॉलेजं तिकडेच की."

माझे यजमान बोटीवर, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. अडीअडचणीला मी हाक मारायची ती भावोजींनाच. 'जाऊ नका' अगदी ओठांवर यायचं, पण मी म्हणायचे, "तुमचं तुम्ही बघा." मग त्यांनी तो विषयच काढणं सोडलं. जाणार, असं मी धरून चालले.

मे सरत आला तेव्हा एका सकाळी ते डोक्यावर नारळाची विणलेली झापं घेऊन आले. पावसाआधी दोन्ही घरांच्या पडव्यांना आडोसा दरवर्षी तेच बांधायचे.

"मी काय म्हणतो वहिनी, यंदा तुमची पडवी आधी घेऊया."

"आणि पुणं?"

"राहिलं," सुंभ ओढत ते म्हणाले.

मी त्यांच्या 'पण'ची वाट बघत उभी राहिले. त्यांनी गाठ मारली आणि दुसरं झाप मागितलं.